छावणीची शिस्त छावणीतच राहू द्या

दर 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला इंदूरच्या आमच्या राजेंद्र नगरातल्या सोसायटीत झेंड्याच्या दोरीला हात लावायला मला बोलावतात. सव्वीस वर्षं फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संपर्क दळात काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस कॉलनीत राहतो म्हटल्यावर ते साहजिकच आहे. आदल्या दिवशी सचिवांचा फोन येतो, "काका, मुलांसमोर शिस्तीवर दोन शब्द बोला." मी बोलतो. मग पोहे-जलेबी होते, चहा होतो आणि त्या चहावर कोणीतरी हमखास म्हणतं, "सुभेदार साहेब, हे शहर एक वर्ष फौजेच्या हातात द्या. सगळे सुतासारखे सरळ येतील."

म्हणणारा माझ्या वर्दीचा मान म्हणूनच म्हणतो, हे मला कळतं. त्यामुळे इतकी वर्षं मी नुसता हसून चहा संपवत आलो. आता मात्र उत्तर द्यायलाच हवं असं वाटतं, कारण गेल्या काही वर्षांत इंदूरचा कारभार फौज न आणताच थोडाथोडा छावणीसारखा होत चालला आहे, आणि त्याला टाळ्या वाजवणाऱ्यांत माझी आपली माणसं आहेत.

आधी छावणीत नेमकं काय असतं ते सांगतो. 1984 मध्ये जबलपूरच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये दाखल झालो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. त्या दिवशी मी काय काय सोडून दिलं ते मला तेव्हा कळलंही नव्हतं. घटनेचा अनुच्छेद 33 संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याची मुभा देतो. 1950 च्या आर्मी अ‍ॅक्टचं कलम 21 त्यातूनच आलं. संघटना करायची नाही, राजकीय सभेला जायचं नाही, परवानगीशिवाय वर्तमानपत्रात लिहायचं नाही. केस किती ठेवायचे, दिवे कधी मालवायचे, सुटीवर कधी जायचं, सगळं दुसरा ठरवणार. मला त्याची तक्रार नाही. रात्री अडीच वाजता लाइन तुटली तर ती जोडायला जाणाऱ्याने "का" विचारत बसून चालत नाही. पुढच्या चौकीवरच्या माणसांचा जीव त्या तारेवर असतो.

पण तो करार होता. मी स्वतःहून गेलो होतो, सही केली होती, आणि त्या बदल्यात फौजेने माझी जबाबदारी घेतली होती. हुकूम देणारा साहेब माझ्या बुटांची, माझ्या जेवणाची, माझ्या तब्येतीची काळजी वाहायला बांधलेला होता. हुकूम चुकला तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसत असे आणि नावानिशी उत्तर मागितलं जात असे. 2010 मध्ये घरी आलो तेव्हा सोडून दिलेलं सगळं मला परत मिळालं. त्याच वर्षी आमच्या गल्लीतल्या बंद दिव्यांबद्दल वर्तमानपत्राला पहिलं पत्र लिहिलं. चार ओळींचं पत्र, पण पाकिटावर पत्ता लिहिताना हाताला घाम आला होता. सव्वीस वर्षं जे नव्हतं त्याची किंमत मला त्या दिवशी कळली. ज्यांनी ते कधी सोडलंच नाही त्यांना ते स्वस्त वाटतं, म्हणून मी हे लिहितो आहे.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. त्याच आर्मी अ‍ॅक्टचं कलम 41 हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा सांगतं. पण हुकूम कसला, तर "कायदेशीर" हुकूम. हा शब्द कायद्यात मुद्दाम घातलेला आहे. म्हणजे जिथे आज्ञापालन हाच धर्म आहे, तिथेही वरच्याच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द हुकूम ठरत नाही. मग ज्याने कुठलीही सही केलेली नाही त्या नागरिकाकडून आपण निमूटपणाची अपेक्षा कशी करतो?

1 जानेवारी 2025 पासून इंदुरात भीक देणं हा गुन्हा ठरला. जिल्हा प्रशासनाने आदेश काढला आणि भीक मागणाऱ्याबरोबर देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याची तरतूद केली. त्याच महिन्यात पैसे देणाऱ्यांवर गुन्हे दाखल झालेही. शिवाय खबर देणाऱ्याला हजार रुपये बक्षीस. मुलांना भाड्याने आणून चौकात उभं करणाऱ्या टोळ्या आहेत, हे मी नाकारत नाही. अशा टोळ्या पकडायला कायदा आधीपासून आहे. मुलाला पळवून भिकेला लावणं हा गंभीर गुन्हा आहे आणि त्यात पोलिसांनी जितका जोर लावावा तितका थोडा. पण टोळी शोधणं कष्टाचं काम आहे. स्कूटरवरून उतरून म्हातारीच्या हातावर दहाची नोट ठेवणारा सापडणं सोपं आहे.

आमच्या घरात मुंजीत बटू पहिली भिक्षा आईकडे मागतो. सकाळी वासुदेव दारात आला की आजी सुपातून तांदूळ घेऊन बाहेर यायची आणि आम्हा मुलांपैकी कोणाच्या तरी हाताने घालायला लावायची. देणाऱ्याचा हात कसा असावा हे आम्ही तिथे शिकलो. कोणी म्हणेल, भीक दिल्याने भीक वाढते. असेल. त्याला पटत असेल तर त्याने देऊ नये, आणि मला पटवून द्यावं. माझ्या पेन्शनीतले दहा रुपये कोणाला द्यायचे हे मात्र मी ठरवणार.

आणि ते हजार रुपयांचं बक्षीस! मुखबिरी म्हणजे काय ते मी जवळून पाहिलं आहे. दहशतवाद्यांच्या मागावर असताना तिचा उपयोग होतो, आणि ज्या गावात ती चालते त्या गावाचं काय होतं तेही मी पाहिलं आहे. माणसं दारं लवकर लावून घेतात. शेजारी शेजाऱ्याकडे चहाला जाताना तोलून बोलतो. ते हत्यार आम्ही नाइलाज म्हणून, शत्रूविरुद्ध वापरलं. देवळाबाहेर दान देणारा माणूस कोणाचा शत्रू आहे?

हे आदेश निघतात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली. जुन्या माणसांना ते 144 म्हणून ठाऊक आहे. दंगल पेटली, साथ आली, तातडीचा धोका उभा राहिला, तर जिल्हाधिकाऱ्याला झटपट बंदी घालता यावी म्हणून हे कलम आहे. म्हणूनच त्याचा आदेश दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. फार तर राज्य सरकार तो आणखी सहा महिने वाढवू शकतं. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की असे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. भीक ही काय कालपरवा उद्भवलेली आणीबाणी आहे? शहराला कायमचा नियम हवा असेल तर तो विधानसभेत मांडा, त्यावर भांडा, मत घ्या. फायर ब्रिगेडची शिडी लावून रोज माडीवर चढायचं नसतं.

पुढे 1 ऑगस्ट 2025 पासून त्याच वाटेने दुसरा आदेश आला, हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही. आता मी स्वतः डीआर होतो, म्हणजे डिस्पॅच रायडर. टपाल घेऊन मोटरसायकलवर डोंगरातल्या वाटा तुडवल्या आहेत. माझ्याबरोबरचा एक पोरगा साध्या वळणावर घसरून गेला; त्याच्या घरी सामान पोचवायला मी गेलो होतो. तेव्हापासून भाजी आणायलाही मी हेल्मेटशिवाय निघत नाही आणि नातीला निघू देत नाही. तरीही त्या आदेशाला माझा विरोध आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 ने हेल्मेट आधीपासूनच सक्तीचं आहे आणि तो कायदा राबवणं हे पोलिसाचं काम आहे. आदेशाने ते काम उचलून पंपावरच्या पोराच्या गळ्यात घातलं. आमच्या बाजूच्या पंपावर असा एक मुलगा आहे, बारा-बारा तास उभा असतो. म्हणाला, "काका, देऊ तर मालक बोलतो, नाही देऊ तर गिऱ्हाईक मारायला धावतो." त्याच्यासमोरच एकाने मागच्या गाडीवाल्याचं हेल्मेट मागून घेतलं, टाकी भरली आणि परत दिलं. डोकं त्याचं उघडं ते उघडंच राहिलं, फक्त कागदावर नियम पाळला गेला.

इथे माझे मित्र मला स्वच्छतेची आठवण देतात. "मग शहर सात वेळा पहिलं कसं आलं? वचक होता म्हणूनच ना?" इंदूर 2017 पासून सातत्याने देशात पहिलं आलं, 2023 मध्ये सुरतेबरोबर विभागून, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पुण्याच्या भाच्याला मी सराफ्यात रात्री बारा वाजता नेऊन रस्ता दाखवतो. पण हे घडलं कसं ते आठवा. आधी महापालिकेची गाडी ठरल्या वेळी दारात येऊ लागली. रोज. पावसात आली, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आली. गाणं वाजलं की बायका ओला-सुका डबा घेऊन खाली उतरल्या, कारण गाडी येणारच ही खात्री पटली होती. पुढे देवगुराडियाला 2022 मध्ये रोज 550 टन ओल्या कचऱ्यातून गॅस काढणारा प्रकल्प उभा राहिला. तो चालतो तो लाखो स्वयंपाकघरांत नीट वेगळं केलेल्या कचऱ्यावर. दंडही होता आणि तो मला मान्य आहे. माझा कचरा मी दुसऱ्याच्या दारात टाकला तर मला दंड झालाच पाहिजे. दुसऱ्याला इजा झाली की सरकारने यावं, हेच तर मी म्हणतो. पण नुसत्या दंडावर हे झालं असतं तर देशातली निम्मी शहरं आज चकाचक असती. इथे महापालिकेने आपला शब्द आधी पाळला आणि मग लोकांनी आपला पाळला. या यशाचं सगळं श्रेय दंडुक्याला देऊन आपण आपल्याच आया-बहिणींचा अपमान करतो.

सरकार लहान हवं म्हणणाऱ्याला सरकारच नको असतं, असा एक समज आहे. तो काढून टाकायला मी पटेल नगरची आठवण देतो. 30 मार्च 2023, रामनवमी. मंदिरात हवन चाललं होतं आणि पायाखालचा स्लॅब खचला. खाली जुनी बावडी, म्हणजे विहीर होती, कित्येक वर्षांपूर्वी झाकून टाकलेली. 36 माणसं गेली. रात्री महूहून लष्कराची तुकडी आली आणि पहाटेपर्यंत मृतदेह वर काढत राहिली. त्या बांधकामाबद्दल रहिवाशांनी आधी तक्रारी केल्या होत्या, नोटीसही निघाली होती, पण कारवाई झाली नाही. मी दुसऱ्या दिवशी तिथे गेलो होतो. बॅरिकेडबाहेर एक माणूस चपलांच्या ढिगात एक जोड शोधत होता. फौजेत प्रत्येक संत्रीच्या चौकीवर त्याच्या कामाचा कागद लावलेला असतो: इथून इथवर तुझा पहारा, हे पाहायचं, हे थांबवायचं. त्या हद्दीत डोळा लागला तर त्याला क्षमा नाही, आणि हद्द सोडून तो बंगल्याच्या माजघरात शिरला तरीही क्षमा नाही. बावडीवरचा स्लॅब सरकारच्या हद्दीत होता. माझ्या खिशातली दहाची नोट नव्हती.

मालमत्तेचंही तसंच आहे. माझी एक आत्या, वय ऐंशीच्या पुढे, नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली. शहराच्या जुन्या भागात तिचं दोन खणांचं घर. रस्ता रुंद करायचा म्हणून पुढचा खण आणि ओटा गेला. भिंतीवर लाल रंगाची खूण झाली तेव्हा तिला वाटलं, पोलिओच्या डोसाची खूण असेल. बदल्यात काय, तर वर जास्त बांधकाम करायची परवानगी. ऐंशीच्या बाईने मजला कशाने चढवायचा? मी चार खिडक्या फिरलो. कोणी उद्धट बोललं नाही, पण प्रत्येकाने पुढची खिडकी दाखवली. रस्ता नको असं ती म्हणत नव्हती, मीही म्हणत नाही. तिचा ओटा शहराला हवा असेल तर शहराने त्याचे पैसे मोजावेत, आणि तोडण्याआधी मोजावेत, इतकंच.

याच शहरातली एक जुनी हकीकत जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवून ठेवली आहे. तुकोजीराव होळकरांचा मुक्काम इंदूरजवळ पडला होता. गावातला एक धनिक सावकार निपुत्रिक वारला होता आणि कोणीतरी कान भरल्यामुळे तुकोजींनी त्याच्या संपत्तीत वाटा मागितला. सावकाराची विधवा तडक महेश्वरला गेली. अहिल्याबाईंनी तिचं ऐकून घेतलं, वस्त्रं देऊन तिला घराची आणि संपत्तीची मालकीण ठरवलं आणि तुकोजींना हुकूम धाडला की तळ हलवा, माझ्या शहराला अन्यायाच्या मागण्यांचा उपद्रव देऊ नका. हुकूम खाली रयतेवर न सुटता वर, स्वतःच्याच सेनापतीवर सुटला! आपण अहिल्याबाईंचा पुतळा राजवाड्यासमोर उभारला, विमानतळाला आणि विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं, 31 मेला गौरव दिन साजरा करतो. त्या कारभारातलं हे सूत्र मात्र कोणाच्या भाषणात ऐकू येत नाही.

लोक म्हणतील, पटत नसेल तर मतदान करा, बदला. करतो. महापालिकेची मुदत फेब्रुवारी 2020 मध्ये संपली आणि आम्हाला मत द्यायला मिळालं ते जुलै 2022 मध्ये. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असं घटनेचा अनुच्छेद 243 यू सांगतो. तरी सर्वोच्च न्यायालयाला मे 2022 मध्ये बजावावं लागलं. मधली जवळजवळ अडीच वर्षं 85 वॉर्डांना नगरसेवक नव्हता. आणि खरं सांगायचं तर कोणाला फारशी रुखरुखही नव्हती, कचऱ्याची गाडी येत होती ना! मला त्या शांततेचीच भीती वाटली.

लोकसभेचं तर सगळ्या देशाने पाहिलं. 2024 मध्ये अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी मुख्य विरोधी पक्षाच्या उमेदवारानेच माघार घेतली आणि तो सत्तेतल्या पक्षात गेला. 13 मेला मी रांगेत उभा होतो. फौजेत असताना टपाली मतपत्रिका यायची, कधी वेळेवर, कधी निकालानंतर. त्यामुळे केंद्रावर जाऊन बटण दाबणं हा माझ्यासाठी अजूनही सण आहे. त्या दिवशी मी नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण दाबलं. मोजणीत तसे आम्ही 2,18,674 निघालो. विजयी उमेदवाराचं मताधिक्य अकरा लाखांच्या वर होतं, त्यामुळे निकालावर फरक पडायचा नव्हता आणि नोटाला तसं कायद्यात बळही नाही. ज्यांनी त्यांना मनापासून मत दिलं त्यांचा मी आदर करतो. माझं दुःख वेगळं आहे. सियागंजच्या बाजारात एकच दुकान उघडं राहिलं तर तिथला माल कितीही चांगला असो, भाव कोण ठरवणार ते प्रत्येक इंदुरी गिऱ्हाइकाला कळतं. राजकारणात मात्र तेच आपण सोयीचं मानून घेतो.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शेतकऱ्यांना हेच समजावण्यात उभं आयुष्य घातलं. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून आलेला तो माणूस. सरकारने उपकार करू नयेत, फक्त शेतकऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हावं, असं सांगत गावोगाव फिरला. सुटीवर आलो असताना खानदेशात मामाकडे त्यांच्या सभेला मी मागे उभा राहून गेलो होतो. राजकीय सभेला जायची मला बंदी होती, म्हणून भाषण सुरू झाल्यावर दहा मिनिटांत निघून आलो. पुढचं ऐकायचं राहून गेलं ते आजही सलतं.

माझ्या धाकट्या भावाचा नेहमीचा प्रश्न, "दादा, तू सरकारी पेन्शन घेतोस, कॅन्टीनमधून सामान आणतोस आणि सरकार कमी करा म्हणतोस?" प्रश्न रास्त आहे. पेन्शन हा माझ्या पगाराचा मागे ठेवलेला भाग आहे. सीमेवर उभं राहण्याचा करार मी पूर्ण केला, आता दुसऱ्या बाजूने तो पूर्ण होतो आहे. सीमा राखणं, न्याय देणं, चोराला पकडणं, नळाला पिण्याजोगं पाणी आणणं ही कामं सरकारचीच, आणि त्यांसाठी मी कर आनंदाने भरतो. कॅन्टीनची सवलत उद्या बंद करून तेवढीच रक्कम रोख दिली तर मला ते जास्त आवडेल. काय विकत घ्यायचं ते मी ठरवीन.

गेल्या आठवड्यात सचिवांचा फोन आला. यंदाच्या 15 ऑगस्टला पुन्हा शिस्तीवर बोला म्हणाले. मी म्हटलं, या वेळी मुलांना घटनेचा अनुच्छेद 19 वाचून दाखवीन. बोलण्याचं स्वातंत्र्य, शांतपणे जमण्याचं, संघटना करण्याचं, देशभर फिरण्याचं, कुठेही राहण्याचं आणि धंदा-व्यवसायाचं. ते थोडे घुटमळले, मग म्हणाले, "चालेल काका, पण थोडक्यात." मी काल रात्री ते पान काढून ठेवलं. इंग्रजी प्रतीत ए, बी, सी, डी, ई अशी उपकलमं येतात आणि त्यानंतर एकदम जी येतं. मधलं एफ गाळलेलं आहे. तिथे मालमत्ता मिळवण्याचा आणि बाळगण्याचा हक्क होता, 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढला. सोसायटीतली पोरं चलाख आहेत, एखादं नक्की विचारील की आजोबा, मधलं अक्षर कुठे गेलं. म्हणून आत्यालाही त्या दिवशी खुर्ची टाकून पुढे बसवायचं ठरवलं आहे.